बाटलीवरची सही

यवतमाळकडच्या आमच्या नेर गावात समुद्राचा वास फक्त एकाच खोलीत यायचा. कॉलेजच्या मागच्या बाजूला सायकल स्टँडला लागून रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती आणि तिच्या पोटात एक अरुंद खोली. खोलीला एकच खिडकी, खिडकीबाहेर कापसाच्या पऱ्हाटीचं वावर आणि आत पोत्यांत भरलेलं समुद्राचं तपकिरी शेवाळ. ज्या गावात बहुतेकांनी समुद्र कॅलेंडरवरच पाहिलेला, त्या गावात हा कारभार आमच्या सरांनी मांडला होता. मी तिथे प्रयोगशाळा सहायक होतो.

सध्या कॉलेजची स्मरणिका निघते आहे. संपादक असलेल्या प्राध्यापक बाईंनी सरांवरचा मजकूर माझ्याकडे पाठवला आणि त्यात दोन-चार गमती घालून द्या म्हणाल्या. मजकुरात एक वाक्य होतं : "समुद्री शेवाळावरचा त्यांचा प्रयोग अखेर फसला, पण सरांचं हसू कधी मावळलं नाही." गमती माझ्याजवळ पोतंभर आहेत. पण त्या वाक्यातलं 'फसला' सरांचं नाही, माझं आहे. म्हणून दोन-चार गमतींऐवजी हे सगळं लिहितो आहे. बाईंनी छापावं की नाही ते त्यांनी ठरवावं.

सर मूळचे मुकुटबनचे. वयाच्या चाळिशीपर्यंत त्यांनीही समुद्र पाहिला नव्हता. कसल्याशा प्रशिक्षणासाठी कोकणात गेले, तिसऱ्या दिवशी वर्गातून उठून किनाऱ्यावर गेले आणि तिथे ओहोटीच्या वेळी खडकावर लोळत पडलेलं शेवाळ त्यांनी हातात घेतलं. मला ते पुढे कितीदा तरी सांगायचे, "पाह्य, याले ना हाड ना लाकूड. दिवसभर लाटा मारून राह्यल्या याले. तरी तुटत नाही. कायच्या भरवशावर? या चिकाच्या!" आणि बोटांमध्ये नसलेला चीक ताणून दाखवायचे. त्या चिकाचं शास्त्रीय नाव अल्जिनेट. वर्गात सर पुस्तकी मराठीत 'बहुशर्करा' शिकवायचे. शेवाळाचा विषय निघाला की मात्र सरळ मुकुटबनच्या बोलीवर यायचे.

दर दिवाळीच्या सुटीत ते कोकणात जायचे आणि तीन एसट्या बदलून, वाळवलेल्या शेवाळाची दोन पोती घेऊन परत यायचे. एका वर्षी मी त्यांना घ्यायला स्टँडवर गेलो होतो. कंडक्टर टपावरच्या पोत्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "मास्तर, कायचं पोतं हाये हे? भल्ला वास मारून राह्यलं."

"समुद्र हाये," सर म्हणाले.

"मग तिकीट फाडावं लागते."

"फाड ना. पन पावतीवर समुद्र लिहिजो."

त्यानं खरंच लिहिलं. ती पावती सरांनी खोलीच्या दारावर चिकटवली.

त्याच दिवशी पोती उतरवताना एका बकरीनं शेवाळात तोंड घातलं आणि चांगलं पसाभर खाल्लं. मी तिला हाकलायला धावलो तर सरांनी माझा हात धरला. "थांब थांब. खाऊ दे. पाहू काय होते." पुढचे दोन दिवस कॉलेज सुटलं की सर त्या बकरीमागे. बकरी हौदावरून हलेना, सारखी पाणी पीत राहिली. बकरीवाली म्हातारी शेवटी वैतागली, "मास्तर, माह्या बकरीच्या मांगं कायले लागले तुमी? इकत घ्याची हाये का?" सरांनी वहीत नोंद केली : 'मीठ नीट धुतले गेले नाही. पुरावा : बकरी.' पुढे ही बकरी पुन्हा यायची आहे, म्हणून सांगून ठेवतो.

शेवाळातून चीक काढणं म्हणजे सगळा धीराचा मामला. आधी शेवाळ धुवायचं, वाळवायचं, कुटायचं. पहिल्या वर्षी सरांनी ते पिठाच्या चक्कीत दळून आणलं आणि त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या भाकरींना मासळीचा वास आला. चक्कीवाल्यानं हात जोडले. मग सरांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं, मिक्सर प्रयोगशाळेत आलं आणि वहिनींना परत पाटा-वरवंटा घ्यावा लागला. कुटलेलं शेवाळ पातळ आम्लात भिजवायचं, निथळायचं, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात मंद आचेवर तापवायचं. "चहा नाही करून राह्यलो आपन," सर बजावायचे, "बाळाचं दूध कोमट करून राह्यलो." हळूहळू शेवाळ विरायचं आणि पाणी काकवीसारखं घट्ट व्हायचं. ते मांजरपाटातून गाळायचं. आणि मग शेवटी त्या गाळलेल्या रसात स्पिरिट ओतायचं.

तो क्षण पाहायला सर सगळ्या कॉलेजला बोलावत. स्पिरिट पडलं की तपकिरी रसातून पांढरेशुभ्र तंतू उसळून वर यायचे, थेट पिंजलेल्या कापसासारखे. काचेच्या दांडीनं ते उचलून सर ओरडायचे, "फुटलं रे! समुद्राचं बोंड फुटलं!"

ते कापसाचे वाईट दिवस होते. अळी, भाव, बियाणं, कोणाशीही दोन मिनिटं बोललं तरी गाडी तिथेच यायची. बाकावरची निम्मी पोरं वावरातून उठून आलेली. त्या पोरांना मी 'बोंड फुटलं' या शब्दांवर टाळ्या वाजवताना पाहिलं आहे. सर काही निव्वळ गमतीखातर हे करत नव्हते. सुती कापडावर रंग छापायचा तर रंग पसरू नये म्हणून हाच चीक लागतो. साध्या भांड्यांत, साध्या सोड्यानं तो उत्तम प्रतीचा काढता येतो आणि प्रत्येक वेळी तसाच निघतो, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. अकरा वर्षं ते त्या प्रबंधामागे होते. "कापूस आपला, समुद्र बी आपलाच," ते म्हणायचे. "मंधात फक्त एक खोली पाह्यजे होती. थे आता झाली."

चीक किती घट्ट, हे मोजायला इंग्रजी यू अक्षरासारखी काचेची नळी असते. द्रव एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत उतरायला किती सेकंद घेतो, ते मोजायचं. या मोजण्याचं सरांना व्यसनच लागलं. एका लग्नात पंगतीत वाढप्यानं वरणाचा डाव पुढे केला तर सरांनी तो त्याच्या हातातून घेतला, वर धरला आणि धार तुटेपर्यंत "एक, दोन, तीन, चार..." मोजत राहिले. आख्खी पंगत ताटकळली.

"सर, वाढू द्या ना," वाढपी काकुळतीला आला.

"वाढ. पन सैपाक्याले सांगजो, मांगच्या लग्नात सात आलते. आज पाचच. पानी जास्त झालं."

स्वयंपाकी आतून पाहत होता. त्यानं मान खाली घातली, कारण ते खरं होतं.

कधी शाळेची पोरं आली की सर चिकात रंग घालून तो पिचकारीनं चुन्याच्या क्षाराच्या पाण्यात थेंब थेंब सोडायचे. थेंब पडताक्षणी गोळी व्हायचा, लालबुंद, निळाशार. पोरी ओंजळ भरून न्यायच्या. "चुना भेटला का हा चीक आपला स्वभाव सोडते," सर पोरांना सांगायचे, "पाण्यासारखा वाहनारा एकदम अडून बसते." एकदा वहिनी वाडगाभर पांढऱ्या गोळ्या पाहून म्हणाल्या, "अवो, हा साबुदाना उपासाले चालते का?"

"समुद्रातला हाये. चालून जाते."

"मग तुमीच खा. मी आपली भगर करते."

चुन्याचं हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं होतं. ते लक्षात ठेवा.

आता सरांची खरी खोड. त्यांच्या खोलीतल्या प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी असायची आणि चिठ्ठीवर तीन ओळी : काय आहे, कधी भरलं, कोणी भरलं. तिसऱ्या ओळीत सही. "पान्याले चेहरा नसते," ते म्हणायचे, "म्हनून त्याले मानसाचं नाव पाह्यजे." सही असली की सर ती बाटली पुन्हा तपासत नसत. मी एकदा म्हटलं, तपासून घ्या ना सर. तर म्हणाले, "तुही सही हाये ना? मग झालं." वापरलेली प्रत्येक चिठ्ठी ते सोडवून नोंदवहीत चिकटवून ठेवत. ही शिस्त घरीही होती. माठावर चिठ्ठी : 'पिण्याचे. भरले :' आणि पुढे वहिनींची सही. काही दिवसांनी वहिनींनी त्या जागी लिहिलं, 'भरले : मीच. आणखी कोण भरणार?' सरांनी तीही चिठ्ठी जपून ठेवली.

प्रबंध पुरा होत आला तेव्हा विद्यापीठाकडून एक साहेब गुरुवारी प्रयोग पाहायला येणार असं पत्र आलं. साहेबांसमोर चिकाची पावडर पाण्यात विरघळवायची, घट्टपणा मोजायचा आणि आकडा वहीतल्या आकड्याशी जुळला पाहिजे. बस, इतकंच. सोमवारी सर मला म्हणाले, "दहा लिटर डिस्टिल पानी करून ठेव. लायनीचा भरवसा नाही, आजपासूनच लाव."

मी यंत्र लावलं आणि खरेदी केंद्रावर गेलो. माझा साळा कापसाची बैलबंडी घेऊन तिथल्या रांगेत दोन दिवसांपासून उभा होता. त्याला घरी जाऊन अंघोळ-जेवण करायचं होतं, म्हणून एक दिवस मी बंडीवर बसायचं ठरलं. हे कारण मी पुढे स्वतःला फार वर्षं सांगितलं. ते खरं नाही. साळा मंगळवारी सकाळीच परत आला होता. मी बुधवार संध्याकाळपर्यंत तिथे थांबलो, कारण रांगेतल्या बंड्यांवर पत्त्यांचा डाव रंगला होता, डावावर भुईमुगाच्या शेंगा लागत होत्या आणि मी जिंकत होतो. शर्टाचे दोन्ही खिसे शेंगांनी भरून मी गावात आलो.

इकडे वीज येत-जात राहिली होती. यंत्राच्या बाटलीत दोन बोटं पाणी. गुरुवारी सकाळीही लाईन नव्हती. बॅटरीवाले रहीमभाई डिस्टिल पाण्याचे कॅन विकायचे, त्यांचं दुकान दहा मिनिटांवर. मी गेलो असतो तर सगळं निभावलं असतं. पण वाटेत सरांचं घर. हातात कॅन दिसला की ते विचारणार, तीन दिवस काय केलं? मी कॉलेजच्या बोरिंगच्या नळाखाली बाटली धरली. आमच्याकडचं बोरिंगचं पाणी म्हणजे चुन्याचं घर. भांड्यांवर पांढरे थर चढतात, साबणाला फेस येत नाही. अकरा वर्षं त्या खोलीत काम करून, चुन्याचं ते वाक्य शेकडो वेळा ऐकून, मला त्या वेळी वाटलं : पाणी ते पाणी. मी चिठ्ठी लिहिली. काय : डिस्टिल्ड पाणी. भरले : आणि खाली माझी सही. हात कापला नाही.

साहेब आले. सरांनी नवा शर्ट घातला होता, त्याची घडी मोडलेली नव्हती. त्यांनी पावडर पाण्यात सोडली आणि ढवळायला लागले. काकवीसारखा एकजीव रस व्हायचा, तिथे गुठळ्या झाल्या. सरांनी आणखी ढवळलं. गुठळ्या फुगल्या. नळीत ओतलं तर तोंडाशीच अडकलं. साहेब भले गृहस्थ होते. म्हणाले, "होतं असं कधी कधी. तुम्ही प्रबंध सादर करा, पुढे पाहू. फक्त निकाल पुन्हा पुन्हा तोच यायला हवा, हे तुम्हीही जाणता."

साहेब गेल्यावर सर काचेच्या दांडीला चिकटलेल्या गुठळ्यांकडे पाहत बसले. मग माझ्याकडे वळले. "पानी?"

"डिस्टिलच होतं सर."

"हो. सही हाये तुही." त्यांनी मान हलवली. तो प्रश्न त्यांनी मला पुन्हा कधी विचारला नाही. उरलेलं पाणी मी दुपारी गुलमोहराच्या मुळाशी ओतून दिलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात मी खरं डिस्टिल पाणी भरून ठेवलं आणि प्रयोग उत्तम झाला. त्यानंतरही प्रत्येक वेळी झाला. मला वाटलं, मिटलं. पण सरांचं तिथेच अडलं. "एका दिवशी उत्तर येगळं काहून आलं? थे सापडल्याबिगर मी सही करत नाही." प्रबंध टाइप होऊन बांधून आला होता. शेवटच्या पानावर 'हे निष्कर्ष माझे आहेत' या ओळीखाली त्यांची सही हवी होती. ती जागा कोरीच राहिली. वर्षं गेली. सर निवृत्त झाले, मुकुटबनला राहायला गेले.

तिथून त्यांची पोस्टकार्डं यायची. 'या वेळी भरती-ओहोटीच्या वेळा तपासल्या. कारण ते नाही.' 'पोत्याचा ताग तपासला. कारण तो नाही.' त्यांना राग नव्हता, खंतही दिसायची नाही. एका कार्डावर लिहिलं होतं, 'कोडं मोठं आहे म्हणजे समुद्र मोठा आहे. मजा येत आहे.' ते कार्ड मी पुन्हा कधी वाचलं नाही, आणि फेकूही शकलो नाही. आधी नोकरी जाण्याची भीती होती. ती संपल्यावर नुसती लाज उरली, आणि लाजेला निवृत्तीचं वय नसतं.

स्मरणिकेतलं ते वाक्य वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मी रहीमभाईंच्या दुकानात गेलो. आता गल्ल्यावर त्यांचा मुलगा बसतो. रहीमभाई मागे खुर्चीत होते. "काय भाऊ, इन्व्हर्टर घेतलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. एक जुनं काम राहिलं होतं."

"कितना जुना?"

"वीस वर्षांच्या वर."

"फिर तो ताजा पानी देना पडेगा," म्हणून त्यांनी नवा कॅन फोडायला लावला.

एक बाटली त्या पाण्याची, एक कॉलेजच्या बोरिंगची. दोन्हींवर चिठ्ठ्या लावल्या. यवतमाळ, वणी करत मुकुटबनला पोचलो. वहिनींनी दार उघडलं. "या या. इतक्या वर्सांनी वाट सापडली का?" दाराशीच माठ होता. त्याच्यावर चिठ्ठी होती : 'भरले : नळानं.'

सर ऐंशीच्या पुढे गेलेत. डोळ्यांना भिंग लागतं, बाकी तसेच. स्वयंपाकघराच्या फळीवर डब्यांच्या रांगेत तपकिरी शेवाळाची बरणी. भाचा दरवर्षी थोडं आणून देतो आणि गेल्या हिवाळ्यातही सरांनी गॅसवर चीक काढला होता. चहा झाला. मला तोंडानं सांगता येईना. मी दोन्ही बाटल्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

सरांनी भिंग लावून पहिली चिठ्ठी वाचली. "काय : बॅटरीचे डिस्टिल्ड पाणी. भरले : तू." मग दुसरी. "काय : कॉलेजच्या बोरिंगचे पाणी. भरले : तू. हे कायले आनलं?"

"सर, त्या गुरुवारी हे दुसरं होतं."

ओट्याशी वहिनींच्या हातातली पळी थांबली. सरांनी माझ्याकडे नाही, त्या बाटलीकडे पाहिलं. मग उठले.

"सांगनं येगळं, दाखवनं येगळं. पावडर काढ."

दोन वाट्या घेतल्या. एकीत रहीमभाईंचं पाणी, एकीत बोरिंगचं. दोन्हींत सारखी पावडर. एक मी ढवळली, एक त्यांनी. माझ्या वाटीत रस जमत गेला, दाट, नितळ, एकजीव. सरांच्या वाटीत गुठळ्या आल्या. त्यांनी भिंग खाली नेलं. चमच्यानं एक गुठळी उचलली, उजेडाकडे धरली.

"हेच," ते म्हणाले. "हेच होतं. असंच होतं!" आणि ते जे हसायला लागले ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी, खांदे हलताहेत. "लेका, वीस वर्सं! वीस वर्सं म्या त्या बकरीवर शंका घेतली! म्हनलं तिची लाळ गेली असन पोत्यात! अवं ऐकलं का, बकरी सुटली!"

"बकरी सुटली, पन याचं काय?" वहिनींनी पळी माझ्याकडे रोखली. त्या हसत नव्हत्या.

सरांचं हसू ओसरलं. त्यांनी डोळे पुसले. "एक वाक्य होतं गड्या," ते हळूच म्हणाले. "त्या दिवशी बोलला असता तं म्या तुले शिव्या देल्या असत्या आन दुपारी दोघं जेवलो असतो."

मला मान वर करता आली नाही. सरांनी तसंच बसू दिलं. तेवढी शिक्षा त्यांनी मला दिली आणि ती वाजवी होती.

मग ते आतून नोंदवही घेऊन आले. पिवळी पडलेली, चिठ्ठ्यांनी फुगलेली. त्यांना पान शोधावं लागलं नाही, वही आपोआप तिथेच उघडली. माझी चिठ्ठी तिथे होती. काय : डिस्टिल्ड पाणी. भरले : आणि माझी तरुण, ठसठशीत सही.

"नियम आठवते ना?" त्यांनी पेन पुढे केलं.

आठवत होता. वहीत खोडरबर चालवायचं नाही, गिरवायचं नाही. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ, तीही अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर शब्द, शेजारी सही. मी 'डिस्टिल्ड' वर रेघ मारली. वर लिहिलं, 'बोरिंगचे'. सही केली. या वेळी हात कापला, म्हणून ती पहिल्या सहीसारखी आली नाही.

"चालते," सर म्हणाले. "मानूस तोच हाये."

तेवढ्यात वहिनी फळीवरून कापडात बांधलेला प्रबंध घेऊन आल्या होत्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. धूळ त्यांनी पदरानं पुसली, शेवटचं पान उघडलं आणि वाट्या बाजूला सारून तो सरांपुढे ठेवला. "घ्या. का आता बकरीची साक्ष पाह्यजे?"

सरांनी माझ्या हातातून पेन घेतलं, भिंगातून ती कोरी जागा नीट पाहिली आणि सही केली. मग पान फुंकरीनं वाळवत म्हणाले, "आता पाह्य त्या वाटीत. तुह्या वाटीतलं मोजून घे. धार धरजो, मी सेकंद मोजतो."

मी चमचा वर धरला. सर मोजू लागले आणि पाठोपाठ वहिनीही. आकडा गेल्या हिवाळ्यात चमच्यानं मोजून वहीत लिहिलेल्या आकड्याशी जुळला.

बाई, त्या वाक्याच्या जागी एवढंच छापा. काय : सरांचा प्रयोग, बरोबर. पाणी : बोरिंगचे. भरले : मी.